डावीकडे ओढणारं स्टेअरिंग

"दाब! ब्रेक दाब! अगं दाब की, समोरून बस येतेय!"

हा मी ओरडत होतो. महाडात, भर दुपारी, आमच्या बाहेरच्या खोलीत, शिलाई मशीनच्या टेबलाशी बसलेल्या माझ्या बायकोवर. तिने ब्रेक दाबला, पण तोवर तिचा दुधाचा टँकर मधला पांढरा पट्टा ओलांडून समोरच्या बसला जाऊन भिडला होता. अपघात झाला इंग्लंडमध्ये, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. आरोळी मात्र महाडात झाली. शेजारच्या वहिनी कणकेच्या हातांनी धावत आल्या.

"काय झालं हो? कोण पडलं?"

"कोण नाय पडलं. दूध सांडलं," बायको म्हणाली.

वहिनींनी आमच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं आणि हात झटकत गेल्या.

माझा आवाज हा आवाज नाही, भोंगा आहे. आयुष्य गेलं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलरवर. तिथे हळू बोललेलं देवालाही ऐकू जात नाही, म्हणून आम्ही सगळे बॉयलरवाले घरात मीठ मागतानासुद्धा आग लागल्यासारखं मागतो. एकदा मी गच्चीतून मुलाला हाक मारली, तर डेपोतून सुटलेली पोलादपूर गाडी थांबली आणि कंडक्टर दार उघडून वाट बघत बसला, असं लोक सांगतात. म्हणजे मीच सांगतो. पण लोक ऐकतात.

त्या दुपारी बायकोने स्टेअरिंगवरचे हात उचलून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या कोणाचे हात चुकून आपल्याकडे आलेत, असं बघत होती.

"माझा हातच डावीकडं ओढतो," ती म्हणाली. "तो सरळ करायला जावं तर गाडी उजवीला, समोरच्याच्या अंगावर. खऱ्या रस्त्यावर असती तर त्या बसमधली माणसं..." पुढचं तिने गिळलं. "नकोच ते. गाडी विकून टाका."

गाडी म्हणजे मुलाची. तो बंगळूरला नोकरीला गेला आणि आपली छोटी लाल गाडी आमच्या दारात ठेवून गेला. ती मी चालवायचो. कशी चालवायचो म्हणून सांगू? आंबेनळी घाट मी डोळे मिटून उतरायचो. हे मी डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग बरंच झालं, सवय आहे म्हणायची." साखरेने माझा उजवा डोळा खाल्ला होता. आता गाडी चालवायची नाही, असं त्यांनी बजावलं. मी घरी येऊन गाडीवर कव्हर घातलं आणि ते नीट बसलंय की नाही हे बघायच्या निमित्ताने बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

बायकोकडे लायसन्स होतं. कुठेतरी ओळखपत्र मागतात म्हणून मी हौसेने काढायला लावलेलं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती बरी चालवायची, असं शिकवणारा म्हणायचा. मग पुढचं मी शिकवायला बसलो. पहिल्याच चौकात मी असा काही ओरडलो की तिने गाडी बंद केली, किल्ली काढली, माझ्या हातात दिली आणि चालत घरी गेली. त्यानंतर लायसन्स पर्समध्ये आणि पर्स कपाटात.

पण गेल्या पावसाळ्यात तिची आई पडली. आमच्या सासूबाई पोलादपूरच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी एका वाडीत एकट्या राहतात. एकट्या म्हणजे एक म्हैस आणि त्या. परसात पाय घसरला आणि शेजारचं कोणी येईपर्यंत त्या चिखलातच बसून होत्या. हाड मोडलं नाही, पण आम्हाला फोन आला तेव्हा शेवटची एसटी गेलेली. बायको अंगावरची साडी न बदलता दारात बसून राहिली. दारात लाल गाडी होती, पर्समध्ये लायसन्स होतं, घरात मी होतो आणि आमच्या तिघांचा मिळून काही उपयोग नव्हता. तेव्हापासून तिने एकच धरलं. दिवाळीत आईकडे जायचं, आणि जायचं ते स्वतः गाडी चालवत. एकदा ते जमलं की मग केव्हाही फोन येऊ दे.

मला म्हणाली, "तुमच्याजवळ शिकणार नाय. पोराचं ते खेळायचं स्टेअरिंग काढा माळ्यावरून."

पुराच्या वर्षी खालचं सगळं गेलं होतं, माळ्यावरचं राहिलं होतं; त्यात हे. हे जत्रेतलं प्लास्टिकचं चाक नव्हे बरं. त्याच्या आत मोटर असते. पडद्यावरच्या रस्त्यात खड्डा आला की ते हाताला हिसका देतं, वळण संपलं की आपलं आपण मध्यावर येतं, आणि वायर जोडली की आधी एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरून नंदीबैलासारखी मान हलवून घेतं. पहिल्या दिवशी ते असं आपोआप फिरलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो. बायको म्हणते, चार.

शिलाई मशीनचं डोकं आत दुमडलं की वर सपाट फळी राहते. त्या फळीला मुलाने फोनवरून सांगितल्याप्रमाणे स्टेअरिंग आवळलं, खाली पेडल ठेवले. आणि पडद्यावरच्या खेळातले रस्ते कुठले, तर इंग्लंडचे. कारण तिथेही आपल्यासारखी डावीकडूनच वाहतूक. त्यातून तिला मिळाला दुधाचा टँकर. आधीचे काही दिवस तर बहारच. उभ्या जन्मात मशीन चालवलेली बाई. ती गाडीचा पेडलही टाच-चवडा, टाच-चवडा असा हाणायची. टँकर उचकी लागल्यासारखा जायचा. त्या दिवसांत इंग्लंडमध्ये सगळ्यांनी ताकच प्यायलं असणार. पण ती शिकली. चाकाच्या डोक्यावर, बरोबर मधोमध, तिने पांढरा दोरा गुंडाळला. दोरा वर असला की चाक सरळ, ही खूण. रस्त्यांना तिने नावंही दिली. "हा बघा, पोलादपूर फाटा आला," म्हणायची, आणि समोर हिरव्या कुरणात ढिम्म मेंढ्या. ब्लाउज घ्यायला आलेल्या बायका खुर्ची ओढून बसायच्या आणि दूध पोचल्याशिवाय उठायच्या नाहीत.

आणि दसरा झाल्यावर हे सुरू झालं. सुरुवातीला सगळं ठीक. चारपाच वळणं झाली की चाक तिच्या हातात हळूहळू डावीकडे कलायला लागायचं. ती दोरा बघून चाक सरळ करायची, आणि टँकर निघायचा थेट समोरच्या वाहनांत.

तिचं म्हणणं साधं होतं. "मशीनवर उजवा हात नुसता वाट दाखवतो. कापड धरतो, ओढतो, तो डावा. इतकी वर्षं ओढतोय. तो आता ओढणारच."

आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. बॉयलरवर व्हॉल्व फिरवून फिरवून माझा उजवा खांदा वर आलाय, तो काय उगाच?

तरी मी म्हटलं, "थांब, मी चालवून बघतो." बसलो. वळणं घेतली. चाक डावीकडे कललं, मी सरळ केलं, आणि टँकर गेला उजवीकडे एका भिंतीवर.

"बघ! माझ्याही हातात ओढतंय!"

"तुम्हाला उजवीकडचं दिसतं कुठं?" ती म्हणाली. "तुम्ही भिंतीवर गेलाव याचं काय नवल?"

मी हार मानून खुर्ची सोडली. आमच्या घरात ही घटना क्वचित घडते.

मुलाला फोन लावला. व्हिडिओवर त्याचं कपाळ आणि मागे ऑफिसचा पंखा दिसत होता. "वायर काढून परत लावा," म्हणाला. लावली. नंदीबैलाने मान हलवली, चाक सरळ झालं, चार वळणं चाललं, पुन्हा तेच. "वायर दुसऱ्या भोकात घाला." घातली. तेच. "टेबलाला घट्ट आवळा." मी असं आवळलं की फळी कुरकुरली आणि बायको मशीनच्या काळजीने ओरडली. तेच. "सेटिंगमधून मध्य ठरवून घ्या." ते करण्यात माझा चहा गार झाला. सगळं करून तेच. चार वळणं शहाण्यासारखी, पाचव्याला मान डावीकडे.

मग मुलगा म्हणाला, "आई, सरळ रस्ता आला की दोन्ही हात सोड."

"टँकर सोडू? आत दूध हाय."

"सोड गं."

तिने घाबरत घाबरत हात वर केले, पोलिसाने अडवल्यासारखे. मीही माझे वर केले. का ते माहीत नाही. आम्ही दोघं म्हातारे हात वर करून बघतोय, आणि समोर चाक. कोणाचाही हात त्याला लागलेला नाही, आणि ते हळूच, मान अवघडल्यासारखं, डावीकडे कललं. पांढरा दोरा बाजूला गेला आणि तिथेच थांबला. टँकर मात्र नाकासमोर, पट्ट्याला धरून, सरळ चाललाय!

"दिसलं?" मुलगा म्हणाला. "त्याला वाटतंय तोच त्याचा मध्य. ते मध्य विसरतंय. तुझा हात नाही ओढत, आई."

मी टाळी वाजवली. माझी टाळी म्हणजे काय, समोरच्या पिंपळावरचे कावळे त्या संध्याकाळी माणगावला मुक्कामाला गेले असतील. पण बायको हसली नाही. तिने हात खाली घेतले.

"हे खोटं निघालं," ती म्हणाली. "म्हणून माझा हात खरा कशावरून? दोघांची पण खोड असंल."

एवढी वर्षं संसार केला, पण ही बाई स्वतःच्या बाजूने निकाल लागू देत नाही. दुसरी कोणी असती तर तेवढ्यावर पेढे वाटले असते. तिच्या हनुवटीकडे बघून मला कळलं, हे चाक सरळ झाल्याशिवाय आणि त्यावर तिने स्वतःचा हात सरळ बघितल्याशिवाय त्या लाल गाडीचं कव्हर निघणार नाही. दिवाळी तर तोंडावर आलेली.

"नवीन मागवतो," मुलगा म्हणाला.

"ते येईस्तवर दिवाळी जाईल. हेच उघडायचं."

मग त्याने समजावलं. आत मोटरच्या टोकाला एक लहानशी चकती असते. तिला केसाएवढ्या फटी. एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला तो बघणारा डोळा. चकती फिरते, डोळा फटी मोजतो, आणि त्यावरून चाकाला कळतं आपण किती वळलो. फटी बुजल्या किंवा चकती तडकली की मोजणी चुकते. मी मनात म्हटलं, म्हणजे यालाही डोळ्याचंच दुखणं! त्या यंत्राबद्दल मला पहिल्यांदाच माया वाटली.

स्टेअरिंग पालथं करून जुन्या चादरीवर ठेवलं. स्क्रू मी काढले. मोठमोठ्या बॉयलरची झाकणं मी एका हाताने उचलली आहेत, पण ते बारके स्क्रू काढताना माझ्या कपाळावर घाम आला. ती एकेक स्क्रू घेऊन बटणांच्या डब्यातल्या खणात टाकत होती. लांब वेगळे, आखूड वेगळे. व्हिडिओवरून मुलगा "हळू, बाबा, हळू" म्हणत होता. झाकण निघालं, मोटरच्या मागची काळी टोपी निघाली, आणि आम्ही दोघं वाकलो.

आत सगळं लाल होतं. जळलेल्या तारेचं नव्हे, गंजाचं नव्हे. कुंकवाचं. मोटरच्या पाठीवर, वायरींच्या खाचेत, आणि त्या चकतीच्या फटीफटीत बारीक लाल पूड, तिच्यात हळद मिसळलेली. एका कोपऱ्यात तांदळाचा एक दाणा, तोही लाल.

"बाबा, हे काय आहे?" मुलाने विचारलं.

बायको खाली बसली. "आई," ती म्हणाली.

दसऱ्यासाठी सासूबाई आधीच एसटीने आमच्याकडे आल्या होत्या. आमच्यात खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. कात्री, इस्त्री, माझा जुना पाना, दारातली गाडी. ते सगळं झाल्यावर म्हातारी या चाकासमोर येऊन उभी राहिली.

"गो बाय, ही पण गाडीच ना?"

"खेळातली हाय, आई."

"पण तू हिच्यावरच शिकत्येस ना? मग हिची पण पूजा व्हया."

आणि तिने आपल्या हाताने पूजा केली. चिमटीने नव्हे. तिची चिमूट म्हणजे माझी ओंजळ. शेतात भात पेरलेला हात तो. मोटरला हवा लागावी म्हणून वर जाळी असते, तिच्यावर हळद, कुंकू, अक्षता, आणि हात जोडून काहीतरी पुटपुटली. मला एवढंच ऐकू आलं: "माझ्या लेकीला जपून ने, जपून आण." चाकावरून नंतर दोनदा फडकं फिरलं. जाळीतून आत काय गेलं, कोण बघतो?

आता इथे मी मोठ्याने हसणार होतो. हसू घशापर्यंत आलं होतं. पण बायको त्या लाल पुडीकडे ज्या नजरेने बघत होती, ते बघून मी ते परत खाली पाठवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ हसत होते, दोन्ही एकदम.

मशीनमधला कापूस काढायचा मऊ ब्रश तिने आणला. मी चकती अगदी हळू फिरवत गेलो, ती फट न् फट झाडत गेली. खाली तिने कोरा कागद धरायला लावला होता.

"फुंक मार की, लवकर होईल," मी म्हटलं.

"फुंक मारून उडवायचं नाय. कुंकू हाय ते."

सगळी पूड आणि तो दाणा कागदात गोळा करून तिने तुळशीत नेऊन घातला. परत येऊन पहिलं वाक्य बोलली, "आईला यातलं काय सांगायचं नाय. आणि तुम्ही तर मुळीच नाय."

"मी कधी कुणाला काही सांगतो?" मी म्हटलं. बंगळूरहून मुलगा हसल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

झाकण बसवलं. एक आखूड स्क्रू उरला, तो मी गुपचूप खिशात घातला. कारखान्यातही एखादा उरायचाच, आणि बॉयलर चालायचा. वायर जोडली. चाकाने मान हलवून घेतली आणि दोरा वर येऊन थांबला.

ती बसली. पहिली चार वळणं आम्ही कोणी श्वास घेतला नाही. पाचवं वळण झालं. दोरा वर. मग घाटासारखा एक रस्ता आला, वळणावर वळण, आणि त्यात पाऊस. तिचे हात जात होते, येत होते. डावा ओढत नव्हता, उजवा ढकलत नव्हता. प्रत्येक वळण संपलं की दोरा पुन्हा डोक्यावर. ती पूर्ण वाट चालवत गेली, त्या परक्या मुलखातल्या कुठल्याशा गावात दूध पोचवलं, टँकर नीट उभा केला आणि मग बराच वेळ स्वतःचा डावा हात उलटासुलटा करून बघत बसली.

"उद्या गाडीवरचं कव्हर काढा," ती म्हणाली.

रविवारी एमआयडीसीचे रस्ते मोकळे असतात. तिथे आम्ही सराव केला. तिची अट होती: तुम्ही बाजूला बसायचं, पण आवाज नाय. मी तोंडात सुपारी धरून बसायचो. घसा बॉयलरचा, तोंडाला झाकण. आत केवढी वाफ कोंडली असेल याची कल्पना करा. एकदा एक कुत्रा आडवा आला, तेव्हा मी सुपारी अख्खीच गिळली. तिने ब्रेक दाबला, कुत्रा गेला, ती निघाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि दिवाळीत आम्ही निघालो. फराळाचा डबा मागच्या सीटवर, त्याला सीटबेल्ट लावलेला. महाड सुटलं, हायवे लागला. गॅसचा एक टँकर शेजारून असा गेला की आमची गाडी थरथरली. तिने चाक धरून ठेवलं. तिचे नुसते ओठ आवळले गेले. पोलादपूरला आत वळलो, बाजारातून एका हातगाडीला जागा देत निघालो, आणि मग वाडीकडचा तो अरुंद चढ. मध्ये गाडी बंद पडली. मागे सरकायला लागली. माझ्या पोटातून आरोळी निघाली होती, गळ्याशी आली होती. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तिने हँडब्रेक ओढला, गाडी चालू केली, गुरगुरवली आणि चढवली.

सासूबाई अंगणातच उभ्या होत्या. लाल गाडी आली, थांबली, आणि चालवायच्या बाजूला आपली लेक बसलेली बघून त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या, म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा.

मग मात्र माझं झाकण उडालं. "आलीस! आणलीस गं गाडी! महाड ते वाडी, स्वतःच्या हाताने! सांग ना, त्या चढावर कसं वाटलं तुला? भीती वाटली?"

तिने आरशात मागे बघितलं.

"वाटली. आता उतरा खाली, मला गाडी वळवून लावायची हाय."